एक्केचाळीसावी बॅच

साखरप्याच्या नाक्यावर चहा पिऊन झाल्यावर अण्णांनी बॉनेट उघडलं. डिपस्टिक ओढून काढली, फडक्यानं पुसली, परत आत घातली आणि पुन्हा काढली. पातळी बरोबर होती. तरी त्यांनी टोकाला लोंबणारा थेंब अंगठ्यावर घेतला, दुसऱ्या बोटानं चोळला आणि नाकाशी नेला.

"राजमती, इकडं ये."

मी चहाचा ग्लास बाकावर ठेवून गेले.

"वास घे."

मी वाकले. "तेलाचा येतोय."

"तेलाचा तर येणारच. आणखी?"

"नाही कळत."

"मला रॉकेलचा येतोय," अण्णा म्हणाले. "डिझेलच्या गाडीत रॉकेल कुठनं आलं? आणि पातळबी लागतंय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू तपासलंस न्हवं हे?"

"हो. तपासलंय."

"मग माझ्याच नाकाला काय तरी झालं असंल," असं म्हणून त्यांनी डिपस्टिक जागेवर बसवली आणि बॉनेट पाडलं.

१९९८ सालचा मे महिना होता. अण्णा, म्हणजे माझे वडील रायगोंडा मगदूम, कोल्हापुरात स्वतःची अँबॅसिडर भाड्यानं चालवायचे. गाडी बारा वर्षांची. त्या दिवशी सकाळी त्यांनी एका कुटुंबाला गणपतीपुळ्याला सोडलं होतं आणि रिकामी गाडी घेऊन आम्ही परत निघालो होतो. माझी कारखान्याची सुट्टी होती, समुद्र बघायला मिळेल म्हणून मी बरोबर गेले होते.

मी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात केमिस्ट होते. गॅरेजमधून गाड्यांचं काढलेलं काळं तेल आमच्याकडं यायचं. त्यातलं पाणी, पेट्रोल, रॉकेल तापवून उडवायचं, गाळ काढायचा, माती घालून रंग काढायचा, लागतात ती द्रव्यं मिसळायची आणि पुन्हा इंजिन ऑइल म्हणून विकायचं. गिऱ्हाईक मुख्यतः कोल्हापूर-सांगलीकडचे ट्रकवाले. अण्णांना हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. "दुसऱ्याच्या इंजिनात जळलेलं तेल माझ्या गाडीत? जुनी गाडी म्हंजे म्हातारं माणूस. नव्या पोराला काय बी पचतंय, म्हाताऱ्याला न्हाई." त्यांच्या एका दोस्ताची गाडी असल्याच तेलानं गेली होती. कुणीतरी नुसतं फडक्यातून गाळून, जुन्या डब्यात भरून विकलेलं ते तेल होतं.

मी वर्षभर त्यांच्याशी वाद घातला. "अण्णा, तेल झिजत नाही. घाण होतं. घाण नीट काढली की ते तेलच असतं. नुसतं गाळणं वेगळं आणि आम्ही करतो ते वेगळं."

"कशावरनं?"

"मी तपासते त्यावरनं."

शेवटी त्या मेमध्ये, तेल बदलायची वेळ आली तेव्हा, जेवताना ते सहज म्हणाले, "आण मग तुझं तेल. तू तपासतीस न्हवं? मग झालं."

शुक्रवारी संध्याकाळी मी पाच लिटरचा डबा घेऊन घरी गेले. शनिवारी त्यांनी तेल बदललं. आज रविवार होता.

अण्णा किल्ली फिरवणार एवढ्यात एक माणूस हात वर करून पळत आला. चुरगळलेला पांढरा शर्ट, गळ्यात स्टेथोस्कोप. "गाडी कोल्हापूरची ना? परत चाललीय? रिकामी आहे?"

"व्हय. का?"

"मी डॉक्टर पाध्ये. माझ्याकडं एक पेशंट आहे. गर्भ नळीत राहिलेला, नळी फुटलीय. पोटात रक्त साचतंय. ऑपरेशनशिवाय उपाय नाही. रत्नागिरीचे सर्जन आज बाहेरगावी आहेत, अँब्युलन्स दुसऱ्याला घेऊन गेलीय. कोल्हापूरला मी फोन करून ठेवलाय, ते तयार आहेत. दोन-अडीच तासांत पोचायला पाहिजे."

"आणा," अण्णा म्हणाले.

पाच मिनिटांत तिला सतरंजीवरून उचलून आणलं. चित्रा नाचरे नाव. तिथल्याच शाळेत शिक्षिका होती, माझ्याच वयाची, चोवीस-पंचवीसची. ओठ कागदासारखे पांढरे. तिला मागच्या सीटवर आडवं केलं. तिचा नवरा सुधाकर, पोस्टात काम करणारा, खाली दोन सीटच्या मधे गुडघे मोडून बसला आणि त्यानं तिचे पाय आपल्या खांद्यावर घेतले. सलाइनची बाटली डॉक्टरांनी माझ्या हातात दिली.

"बसवायचं नाही तिला. काही झालं तरी आडवीच ठेवा, पाय वर. पाणी द्यायचं नाही. बाटली उंच धरा." मग अण्णांना म्हणाले, "वाटेत कुठं थांबू नका."

मी पुढच्या सीटवर उलटी, गुडघ्यांवर बसले, बाटली टपाला टेकवून. अशी बसले की एका बाजूला चित्राचा चेहरा दिसायचा आणि मान जरा वळवली की स्टीअरिंगच्या शेजारचं ऑइल प्रेशरचं मीटर. ते मीटर अण्णांनी स्वतः बसवून घेतलेलं होतं. गाडी विकत घेतली त्याच आठवड्यात.

आंबा घाट सुरू झाला तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. डांबर चमकत होतं. काटा चाळीस पौंडांवर होता. गाडी गरम असताना, ओढीवर, तिथंच असायला पाहिजे. मी पाहिलं आणि चित्राकडं वळले.

"ताई, किती लांब आहे?" सुधाकरनं विचारलं.

"हा घाट चढला की सरळ रस्ता आहे."

"चित्रा, ऐकलंस? हा घाट फक्त."

तिचे डोळे उघडे होते. सुधाकर तिचं मनगट धरून बसला होता, डॉक्टरांनी त्याला नाडी मोजायला शिकवली होती. तो मधूनच पुटपुटायचा, "एकशे दहा." मग, "एकशे सोळा."

तिसऱ्या वळणावर अण्णांनी पहिला गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं. मी मान वळवली. काटा तीसवर.

अण्णांनीही पाहिलं होतं. त्यांनी हीटर चालू केला, इंजिनची उष्णता तेवढीच बाहेर निघावी म्हणून. मे महिन्यातल्या दुपारी, चार जणांचा घाम आणि स्पिरिटचा वास भरलेल्या गाडीत गरम वारा घुसला. सुधाकर ओरडला, "अहो, हे काय? आधीच तिला गुदमरतंय."

"थोडा वेळ सोसा, पाव्हणं."

पुढच्या वळणावर काटा पंचवीसच्या खाली आला. इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली. बारीक, एकसारखी, कुणीतरी लांब डब्यावर बोटं वाजवावीत तशी. ती कसली हे मला ठाऊक होतं. अण्णांनी मला लहानपणी शिकवलं होतं. वरच्या भागाला तेल कमी पडायला लागलं की पहिल्यांदा हीच वाजते. मग खालून ठोके येतात. मग इंजिन जाम होतं आणि गाडी जागच्या जागी उभी राहते.

"पंप गेला वाटतं," अण्णा स्वतःशीच म्हणाले. "पण पंप तर दिवाळीत नवीन टाकला." मग जरा वेळानं, "फिल्टर असंल." ते एकेक कारण काढत होते आणि एकेक बाजूला टाकत होते. तेलाचं नाव त्यांनी घेतलं नाही. ते तर तपासलेलं होतं.

मी बाटली धरलेला हात बदलला.

"एकशे चोवीस," सुधाकर म्हणाला.

काटा वीस.

"अण्णा," मी म्हणाले.

"काय?"

"थांबवा गाडी."

"डॉक्टरनी सांगितलंय थांबायचं न्हाई."

"अण्णा, थांबवा. इंजिन बंद करा. ते तेल मी तपासलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पुढच्या वळणाच्या आत डोंगराच्या बाजूला थोडी सपाट जागा होती, तिथं गाडी घेतली आणि किल्ली फिरवली. टकटक थांबली. एकदम इतकं शांत झालं की सलाइनच्या नळीत थेंब पडलेलासुद्धा ऐकू येईल असं वाटलं.

"मगाशी हो म्हणालीस," अण्णा काचेतून समोर बघत म्हणाले.

"खोटं बोलले."

काय झालं होतं ते मी तिथं बसून सांगितलं, जेवढ्या थोड्या शब्दांत सांगता येईल तेवढ्यात. तेलाचा घट्टपणा मोजायला आमच्याकडं एक काचेची नळी होती, ती गरम तेलाच्या भांड्यात बुडवून ठेवावी लागे. शुक्रवारी त्या भांड्याचा हीटर जळाला. नवा पुण्याहून यायला चार-पाच दिवस लागणार होते. एक्केचाळीस नंबरची बॅच तयार होती, गिऱ्हाइकं दारात उभी होती. आमचे मालक दिवेकर आत येऊन फक्त एवढंच म्हणाले, "मगदूमबाई, सर्टिफिकेट झालं का?" मी आदल्या बॅचचा आकडा पाहिला. चौदा पूर्णांक सहा. त्याच्या आदल्या बॅचचा, चौदा पूर्णांक पाच. दरवेळी तेवढाच येत होता. मी एक्केचाळीससमोर चौदा पूर्णांक सहा लिहिलं आणि सही केली. त्याच बॅचमधून अण्णांचा डबा भरून घेतला. त्याच दिवशी पाहिजे होता म्हणून. वर्षभर वाद घालून ते हो म्हणाले होते म्हणून.

"गॅरेजवाले पार्ट रॉकेलनं धुतात आणि ते रॉकेल तेलाच्याच पिंपात ओततात," मी म्हणाले. "या खेपेला ते पूर्ण उडालं नसणार."

"किती पातळ झालं असंल?"

"माहीत नाही."

"अंदाजानं?"

"नाही सांगता येत, अण्णा. मोजलंच नाही."

"अहो, काय बोलताय तुम्ही दोघं?" सुधाकरचा आवाज चढला. "ती मरायला लागलीय इथं! गाडी चालू करा!"

अण्णा मागं वळले. "पाव्हणं, चालू केली तर आणखी दोन किलोमीटर चालंल. मग कायमची बंद पडंल. घाट अजून सहा किलोमीटर हाय. दुसरं वाहन धरू या, न्हाईतर तेल मिळवू या. मला तुमच्याएवढीच घाई हाय."

"ह्यांनी केलंय हे?" सुधाकरनं माझ्याकडं बोट दाखवलं. तो रडत होता. "तुम्ही केलंय हे?"

"हो," मी म्हणाले.

त्यानं माझ्या हातातली बाटली हिसकावून घेतली आणि स्वतः धरली.

अण्णा रस्त्यावर उतरले. मीही उतरले. खालून एक जीप आली, आंब्याच्या पेट्यांनी टपापर्यंत भरलेली, वर माणसं बसलेली. तिच्यात कुणाला आडवं करायला हातभरसुद्धा जागा नव्हती. जीपवाला म्हणाला, वर आंबा गावात पोचून गाडी पाठवतो. ते कधी होईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मग बराच वेळ काही नाही. नुसती झळ, आणि मागच्या काचेतून दिसणारी ती वर धरलेली बाटली. निम्मी झाली होती.

ट्रकचा आवाज आधी आला. जांभ्याचे चिरे भरलेला ट्रक माणसाच्या चालीनं चढत होता. अण्णांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरले. ड्रायव्हर पन्नाशीचा, पांढरी दाढी, डोक्याला पंचा. दस्तगीर मुल्लाणी, हातकणंगल्याचा. त्यानं मागच्या सीटवर एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाला, "या अल्ला. केबिनमध्ये घ्या तिला."

"बसवायचं न्हाई म्हणालेत डॉक्टर. आणि तुमची गाडी कोल्हापूरला कधी पोचंल?"

"भरलीय. रात होईल."

"तेल हाय का? इंजिनचं?"

"हाय की. माझी पण म्हातारीच हाय, तेल पितीया. पाच लिटरचा डबा कायम सीटमागं असतोय."

तो वर चढला, सीटमागं हात घालून डबा ओढला आणि खाली दिला. पांढरा डबा. अण्णांनी तो फिरवून बघितला आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

डब्यावर आमच्या कारखान्याचं नाव होतं. त्याखाली, शाईनं, माझ्या अक्षरात: बॅच ३८.

"हे बी तुमच्याच कारखान्याचं," अण्णा म्हणाले.

"का हो? काय झालं?" दस्तगीरमामा गोंधळून म्हणाले. "मी सहा महिनं हेच घालतोय. काय त्रास न्हाई."

अण्णा माझ्याकडं वळले. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "हे तपासलंस?"

"हो. अडतीस मी तपासलंय. भांडं चांगलं होतं तेव्हा. दोनदा मोजलं होतं."

"मगाशी पण हो म्हणालीस."

तोच शब्द, त्याच तोंडातून, दोन तासांच्या आत.

"अहो, बघायचं काय त्यात?" सुधाकर खिडकीतून ओरडला. "दोन्ही तेलं ओतून बघा शेजारी शेजारी! कळेल ना कुठलं पातळ ते!"

अण्णांना ते पटलं. त्यांनी डिपस्टिक काढली, तिचा थेंब पुढच्या काचेवर वरच्या बाजूला टाकला. शेजारी डब्यातल्या तेलाचा थेंब टाकला. आमच्या चौघांचे डोळे काचेवर. डिपस्टिकचा थेंब सरसर खाली पळाला, वायपरपर्यंत पोचला. डब्यातला जागेवरून जेमतेम चार बोटं सरकला.

"बघा! बघा, हे घट्ट आहे! घाला हे!" सुधाकर म्हणाला.

दस्तगीरमामांनीही मान हलवली. अण्णांचा चेहरा सैल पडला. त्यांनी डब्याचं झाकण फिरवायला हात घातला.

मी गप्प बसले असते तर चाललं असतं. तेल तेच पडणार होतं, आणि ते चांगलंच आहे हे मला ठाऊक होतं. पण ती चाचणी खोटी होती.

"अण्णा, यावरून काही कळत नाही," मी म्हणाले.

"म्हंजे?"

"आपलं तेल इंजिनातनं आलंय, कढत आहे. कुठलंही गरम तेल असंच पळणार, कितीही चांगलं असलं तरी. आणि हे गार आहे म्हणून हळू चाललंय. बरोबरी होत नाही. अडतीस चांगलं आहे ते मी मोजलंय म्हणून. या थेंबावरनं नव्हे."

सुधाकर माझ्याकडं वेड्यासारखा बघत राहिला. अण्णाही बघत होते. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या, डिकीतली सतरंजी ओढून गाडीखाली टाकली आणि तिच्यावर पाठीवर आडवे झाले.

"सतरा नंबरचा पाना दे," ते खालून म्हणाले. "मामा, बादली असंल तर द्या."

बोल्ट आवळ होता. दोनदा पाना निसटला. तिसऱ्यांदा अण्णांनी दोन्ही हातांनी जोर केला, बोल्ट सुटला आणि कढत तेलाची धार त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली. नुसता दातांतून श्वास घेतल्याचा आवाज आला. बादलीत तेल पडत होतं. आता रॉकेलचा वास मलाही येत होता. स्वच्छ येत होता. साखरप्यालाही आला होता.

"एकशे छत्तीस," गाडीतून आवाज आला. "चित्रा, डोळे उघड. माझ्याकडं बघ. चित्रा."

"बोलत राहा तिच्याशी," दस्तगीरमामा खिडकीशी जाऊन म्हणाले. "पोरी, झालंच बघ. निघतोयच आपण."

अण्णांनी बोल्ट बसवला. मी वरून डबा उपडा केला. गार, घट्ट तेल. दिवसभरात कधी नव्हे इतकं सावकाश उतरत होतं. ते लवकर उतरावं असं वाटत होतं आणि त्याचं सावकाश उतरणंच बरं वाटत होतं. अर्धा डबा. पाऊण. अण्णा स्टीअरिंगवर जाऊन बसले होते. भाजलेला हात त्यांनी अंगापासून लांब धरला होता, कातडी लाल होऊन चमकत होती.

"झालं!"

मी बॉनेट पाडलं आणि आत शिरले. अण्णांनी किल्ली फिरवली. इंजिन लागलं. टकटक तशीच होती. काटा शून्यावर होता. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत होतो. एक सेकंद, दोन, तीन. मग काटा हलला. दहा. वीस. पस्तीस. टकटक विरत गेली आणि थांबली. काटा पंचेचाळीसवर जाऊन स्थिर झाला.

अण्णांनी पहिला गिअर टाकला.

मागं बघितलं तर दस्तगीरमामा रस्त्यात ती बादली हातात धरून उभे होते. "ही डिकीत ठेवा की!" ते ओरडले. अण्णा थांबले नाहीत. मी खिडकीतून ओरडले, "मामा, सांडू नका! मला पाहिजे ती! उद्या घ्यायला येते!"

घाट संपला. मलकापूर गेलं, बांबवडं गेलं. काटा चाळीसच्या खाली आला नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याला चित्राची शुद्ध गेली. सुधाकर नाडी मोजायचा थांबला, नुसतं तिचं नाव घेत राहिला. पावणेसहाला आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. स्ट्रेचर बाहेरच उभं होतं.

तिला रक्ताच्या पाच बाटल्या लागल्या. साडेआठला सर्जन बाहेर आले आणि म्हणाले की वाचली. सुधाकरनं अण्णांचे पाय धरले. मग तो सरळ उभा राहिला, माझ्याकडं बघितलं आणि आत गेला. त्यानं काय बोलायला हवं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

अण्णा बाहेरच्या नळाखाली मनगट धरून उभे होते. नर्सनं लावलेली पट्टी भिजत होती, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"एक्केचाळीस किती जणांकडं गेलंय?" त्यांनी विचारलं.

"बारा गिऱ्हाइकं."

"नावं हायत?"

"रजिस्टरमध्ये आहेत."

"मग हितं का उभी हायस?"

मी तशीच दिवेकरांच्या घरी गेले. ते जेवायला बसले होते. मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "थोडं पातळ असेल, पण चालतंय की. उगाच नाव कशाला घालवायचं?" मी म्हणाले, "चालतंय का नाही ते मोजल्याशिवाय मला माहीत नाही, आणि मी मोजलं नाही. मी खोटा आकडा लिहून सही केलीय. तुम्ही सांगितलं नाही तर मी सांगणार आहे." ते हात धुऊन गिऱ्हाइकांना फोन लावायला उठले.

सोमवारी आणि मंगळवारी मी बारा ठिकाणी हिंडले. नऊ जणांकडचे डबे तसेच होते, ते परत आणले. दोघांनी घातलं होतं, त्यांचं तेल मी समोर उभी राहून बदलून दिलं. बारावा गडहिंग्लजचा. त्याच्या ट्रकचं बेअरिंग आदल्या दिवशीच गेलं होतं, भर रस्त्यात. माणूस कुणी दुखावलं नव्हतं. मालकानं त्याच्या सगळ्या ड्रायव्हरांसमोर मला अर्धा तास धारेवर धरलं. मी ऐकून घेतलं. दिवेकरांनी त्याचं इंजिन बांधून दिलं. बुधवारी पुण्याहून हीटर आला आणि हातकणंगल्याहून आणलेल्या बादलीतलं तेल मी मोजलं. चौदाच्या जागी आठ पूर्णांक दोन.

माझी नोकरी राहिली. का राहिली ते दिवेकर कधी बोलले नाहीत.

अण्णांनी गाडीत दुकानातलं सीलबंद तेल घालायला सुरुवात केली. त्या घाटाबद्दल ते घरात एक शब्दही बोलले नाहीत, माझ्या आईलाही सांगितलं नाही. बाकी सगळं नेहमीसारखं होतं. फक्त एक झालं. मी दार लावलंय म्हटलं की ते उठून कडी बघून यायचे. गॅस बंद केलाय म्हटलं की स्वयंपाकघरात जाऊन यायचे. रागानं नव्हे. अगदी शांतपणे उठायचे, बघायचे, परत येऊन बसायचे. पाच महिने असं चाललं.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी ते कारखान्यात आले. हातात रिकामा डबा. माझ्या लॅबच्या दारात चपला काढल्या. मनगटावरचा डाग आता फिका पडला होता.

"कुठली बॅच चाललीय?"

"बावन्न."

"तपासलीस?"

तपासली होती. दोन दिवसांपूर्वीच, आकडा रजिस्टरमध्ये होता. हो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"थांबा," मी म्हणाले. "तुमच्यासमोर मोजते."

मी बावन्नचं तेल नळीत भरलं, नळी भांड्यात सोडली, तापमान बसेपर्यंत थांबले. अण्णा हात मागं बांधून उभे होते. मी त्यांच्या हातात स्टॉपवॉच दिलं.

"या वरच्या रेघेवर तेल आलं की दाबा. खालच्या रेघेवर आलं की परत दाबा."

त्यांनी अंगठा विजारीला पुसला. वाकले, काचेला नाक लागेल इतके जवळ गेले. तेल वरच्या रेघेवर आलं, त्यांनी दाबलं. खालच्या रेघेपाशी येईस्तोवर त्यांनी श्वास घेतला नसावा. परत दाबलं आणि घड्याळ माझ्यापुढं धरलं. मी सेकंदांना त्या नळीच्या ठरलेल्या आकड्यानं गुणलं. चौदा पूर्णांक चार. दोन दिवसांपूर्वीचा रजिस्टरमधला आकडा दाखवला. तोच होता.

अण्णांनी दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं.

"परत एकदा," ते म्हणाले.

मी नळी पुन्हा भरली. त्या दिवशी त्यांनी डबा भरून नेला, आणि दोन हजार पाच साली ती अँबॅसिडर विकेपर्यंत तिच्यात आमच्या तेलाशिवाय दुसरं तेल पडलं नाही. तेल बदलायचं असलं की ते लॅबमध्ये यायचे, चपला दारात काढायचे, आणि दरवेळी माझ्याकडून दोनदा मोजून घ्यायचे.